तिकीट कोणाच्या हातात?

  

डॉ. पंजाबराव देशमुखांच्या स्मृतीसाठी आपण इथे अमरावतीत जमलो आहोत. भाऊसाहेबांवर बोलायचं तर विषयांना तोटा नाही. श्री शिवाजी शिक्षण संस्था आहे, केंद्रातलं कृषिमंत्रिपद आहे, भारत कृषक समाज आहे. ते माझ्यापेक्षा चांगलं सांगू शकतील अशी माणसं याच सभागृहात बसली आहेत. मी त्यांच्या आयुष्यातली एकच गोष्ट घेऊन पुढे जाणार आहे. पापळसारख्या खेड्यातला एक मुलगा एडिंबरो आणि ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन १९२६ साली वऱ्हाडात परत येतो आणि इथल्या मातब्बरांना सरळ विचारतो, की सगळ्यांच्या वतीनं ठरवणारे तुम्हीच का?

हा प्रश्न वऱ्हाडात त्याआधीही विचारला गेला होता आणि नंतरही विचारला गेला. कधी पक्षाबाहेरच्या माणसानं विचारला, कधी पक्षानंच बाहेर काढलेल्यानं. आज मला एवढंच तपासायचं आहे, की असा उमेदवार उभा राहून नेतृत्वाला 'बदला' म्हणतो, तेव्हा नेतृत्व नेमकं काय करतं? आणि ते खरोखर बदलतं कधी?

सुरुवात याच गावापासून करू. डिसेंबर १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचं अधिवेशन अमरावतीत भरलं. अध्यक्ष होते सी. शंकरन नायर, आणि स्वागताध्यक्ष आपले दादासाहेब खापर्डे. टिळकांना त्याच सप्टेंबरात राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली होती. ते तुरुंगात होते, आणि त्यांच्या नावाचा ठराव काँग्रेसच्या धुरिणांना नको होता. सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी भाषणात त्यांचा उल्लेख केला, पण ठराव काही झाला नाही. पक्ष आपल्याच माणसाचं नाव ठरावात घ्यायला कचरतो, हे खापर्ड्यांनी यजमान म्हणून आपल्या गावात पाहिलं.

१९०६ ते १९०८ ही तीन वर्षं मात्र सावकाश बघण्यासारखी आहेत. १९०६ साली कलकत्त्याच्या अधिवेशनासाठी टिळकांचं नाव अध्यक्षपदाला पुढे येऊ लागलं. नेमस्तांनी काय केलं? इंग्लंडहून दादाभाई नौरोजींना बोलावलं. ऐंशी वर्षांच्या, सर्वांना वंदनीय अशा माणसासमोर कोण उभा राहणार? १९०७ चं अधिवेशन नागपूरला ठरलं होतं. त्या काळी अध्यक्ष निवडण्यात स्वागत समितीचा शब्द चालायचा, आणि नागपूर-वऱ्हाडात जहालांचं पारडं जड होतं. स्वागत समितीची सभा गोंधळात मोडली आणि अधिवेशन उचलून सुरतेला नेण्यात आलं. तिथे फेरोजशहा मेहतांचा शब्द चालत होता. जहालांनी लाला लजपतरायांचं नाव पुढे केलं, नेमस्तांनी रासबिहारी घोषांचं. २७ डिसेंबरला मंडपात जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या. खापर्डे तिथे टिळकांच्या बाजूला होते. आणि १९०८ च्या एप्रिलात अलाहाबादेत घटना लिहिली गेली. प्रतिनिधीनं आधी ध्येयकलमावर लेखी संमती द्यायची आणि मान्य संस्थांकडूनच निवडून यायचं. जहालांसाठी काँग्रेस बंद झाली. ती उघडायला लखनौ, म्हणजे १९१६ उजाडावं लागलं.

बघा, एका वर्षी उमेदवार बदलला, दुसऱ्या वर्षी गाव बदललं, तिसऱ्या वर्षी नियम बदलले. उत्तर मात्र एकदाही दिलं नाही. टिळक-खापर्ड्यांचं सगळंच बरोबर होतं असं माझं म्हणणं नाही. सुरतेच्या राड्यात दोन्ही बाजूंचे हात होते. माझं म्हणणं नेतृत्वाच्या सवयीबद्दल आहे. ही सवय १९०८ मध्ये संपली असती, तर मला आज बोलायला उभं राहण्याचं कारण नव्हतं.

या सवयीला एक मोठा अपवाद आहे, आणि तो आपल्याच भागातला आहे. डिसेंबर १९२० मध्ये नागपूर काँग्रेस भरली. चौदा हजारांवर प्रतिनिधी आले होते. गांधीजींचा असहकार तिथे मंजूर झाला, हे शाळेच्या पुस्तकात असतं. त्याच अधिवेशनात काँग्रेसची घटना नव्यानं लिहिली गेली, हे पुस्तकात एका ओळीत उरकतं. चार आणे भरणारा कोणीही प्रौढ माणूस सभासद. गावापासून तालुका, जिल्हा, प्रांत अशा समित्या. प्रांत इंग्रजांच्या सोयीचे नव्हेत, भाषेप्रमाणे. वऱ्हाड हा काँग्रेसचा स्वतंत्र प्रांत झाला, आणि मुख्यालय अमरावती.

चार आणे! धामणगावच्या बाजारात कापूस विकून परतणारा कास्तकार चार आणे देऊन त्या पक्षाचा सभासद होऊ शकत होता, ज्या पक्षात त्याआधी वकील आणि जमीनदारच बोलत असत. गांधीजीही एका अर्थानं बाहेरून आले होते. आफ्रिकेत वीस-एकवीस वर्षं काढून १९१५ साली परतलेला माणूस. पण त्यांनी स्वतःसाठी खुर्ची मागून गोष्ट संपवली नाही. खुर्चीवर कोणी बसायचं हे ठरवणाऱ्यांची संख्या वाढवली. हा फरक लक्षात ठेवा. बाकीचं व्याख्यान त्याच्यावर उभं आहे.

आणि खापर्डे? असहकार त्यांना मानवला नाही. ते कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये गेले. तेरा वर्षांपूर्वी सुरतेत जो माणूस नेतृत्वाला 'बदला' म्हणत होता, तो नागपुरात जुन्या पिढीत मोजला गेला. त्याच्याही पुढची गोष्ट १९२७ ची. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहाची तयारी झाली. १३ नोव्हेंबरला इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वडील बंधू बाळाराम यांच्या निधनाची तार त्यांना इथेच मिळाली, आणि तरीही त्यांनी परिषदेचं काम पुढे चालवलं. तरुण पंजाबराव सत्याग्रहाच्या बाजूनं उभे होते. आणि मंदिराच्या कमिटीचे अध्यक्ष कोण? दादासाहेब खापर्डे. त्यांनी मुदत मागितली. सत्याग्रह तीन महिने पुढे गेला.

मंदिर म्हणजे पक्ष नव्हे, हे मला मान्य आहे. पण तीस वर्षांत एकाच गावात एकच माणूस मुदत मागणाऱ्यांच्या बाकावर येऊन बसतो, ही गोष्ट मला फार विचार करायला लावते. खापर्डे वाईट नव्हते. टिळकांच्या अपिलासाठी स्वतःची भरभराटीची वकिली सोडून ते विलायतेत जाऊन राहिले होते. एवढा त्याग केलेला माणूससुद्धा एकदा ठरवणाऱ्यांत जाऊन बसला, की ठरवण्याची पद्धत त्याला नैसर्गिक वाटू लागते. तेव्हा नुसता चांगला माणूस आत पाठवून भागत नाही.

त्रिपुरी काँग्रेसबद्दल तीनच वाक्यं बोलतो. १९३९ साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुभाषबाबूंनी पट्टाभी सीतारामय्यांना १५८० विरुद्ध १३७७ मतांनी हरवलं. अधिवेशन आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडात, जबलपूरजवळ भरलं. कार्यसमिती गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी असा ठराव तिथे झाला, आणि निवडून आलेल्या अध्यक्षाला एप्रिलमध्ये राजीनामा द्यावा लागला.

आता आपल्या काळाकडे येऊ. त्याआधी तुम्हाला एक कागद दाखवतो. कार्यकर्ते त्याला 'एबी फॉर्म' म्हणतात. हे दोन साधे छापील नमुने आहेत. 'ए' नमुन्यात पक्षाचा पदाधिकारी लिहून देतो, की उमेदवाराचं नाव कळवायचा अधिकार अमुक माणसाला दिला आहे. 'बी' नमुन्यात तो अमुक माणूस उमेदवाराचं नाव लिहितो, आणि त्याचा अर्ज बाद झाला तर पर्यायी उमेदवार कोण, तेही लिहितो. सही शाईची लागते. रबरी शिक्का चालत नाही, झेरॉक्स चालत नाही. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचला पाहिजे.

त्या दिवशी तहसील कार्यालयाबाहेर तुम्ही कधी उभे राहिलात का? पंचवीस वर्षं सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता तिथे हार घेऊन ताटकळत असतो, आणि एक गाडी नागपूरहून किंवा मुंबईहून धावत येते. गाडीतल्या पाकिटात कोणाचं नाव आहे हे त्याला ठाऊक नसतं. आठवड्यापूर्वी विश्रामगृहावर निरीक्षकांनी मुलाखती घेतलेल्या असतात. त्यानं वर्तमानपत्रांच्या कात्रणांची फाईल नेऊन दिलेली असते. ती फाईल कोणी उघडली का, हे त्याला कधीच कळत नाही. आणि त्या 'बी' नमुन्यावर सगळे रकाने आहेत, एक सोडून. या मतदारसंघातल्या किती सभासदांनी हे नाव सुचवलं, असा रकानाच नाही. १९२० च्या चार आण्यांचा हिशेब तिथे कुठे येतच नाही.

कायदाही तो विचारत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यात पक्षनोंदणीचं कलम १९८९ पासून आहे. पक्षानं संविधानावर, समाजवाद-धर्मनिरपेक्षता-लोकशाहीवर निष्ठा लिहून द्यायची. पक्षाच्या आत लोकशाही आहे का, याची तपासणी नाही. विधी आयोगानं १९९९ च्या आपल्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्यानं बांधा अशी शिफारस केली. कोणत्याही पक्षाच्या सरकारनं ती उचलली नाही. उलट बाजूला पाहा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. चिन्ह मिळतं ते अर्ज माघारीची मुदत संपल्यावर, आणि उरलेल्या थोड्या दिवसांत ते गावोगाव पोचवायचं.

तरीही या जिल्ह्यात माणसं अपक्ष उभी राहिली आणि निवडून आली. २००४ मध्ये अचलपुरातून बच्चू कडू. २००९ मध्ये पुन्हा तेच, आणि बडनेऱ्यातून रवी राणा. २०१९ मध्ये लोकसभेला नवनीत राणा. २०२० मध्ये अमरावती शिक्षक मतदारसंघातून किरण सरनाईक. त्याआधी, १९८९ च्या लोकसभेत, काँग्रेसच्या या बालेकिल्ल्यात कम्युनिस्ट पक्षाचे सुदामकाका देशमुख निवडून आले होते. 'पार्सल उमेदवार नको' ही घोषणा वऱ्हाडी मतदार नुसती देत नाही, मतपेटीतही टाकतो.

आणि २००९ चं अमरावती शहर. डॉ. सुनील देशमुख काँग्रेसचे दोन वेळचे आमदार, राज्यमंत्री. पक्षानं तिकीट दिलं राजेंद्र शेखावत यांना. त्यांच्या मातोश्री प्रतिभाताई पाटील तेव्हा राष्ट्रपती होत्या. देशमुख अपक्ष उभे राहिले. शहरात त्या वेळी एकच चर्चा होती, आणि ती उमेदवारांच्या गुणदोषांपेक्षा एका प्रश्नाची होती, की 'हे ठरवलं कोनं?' देशमुख हरले, पक्षाबाहेर गेले.

पुढे काय झालं ते नीट ऐका. २०१४ मध्ये तेच देशमुख भाजपच्या चिन्हावर शेखावतांना हरवून निवडून आले. २०१९ मध्ये काँग्रेसच्या सुलभा खोडके यांनी त्यांना हरवलं. २०२१ मध्ये देशमुख काँग्रेसमध्ये परतले. २०२४ मध्ये काँग्रेसनं खोडकेंना निलंबित केलं, त्या अजित पवारांच्या राष्ट्रवादीत गेल्या, काँग्रेसनं देशमुखांना तिकीट दिलं, आणि खोडके निवडून आल्या. पंधरा वर्षांत माणसं इकडची तिकडे झाली, चिन्हं बदलली. २००९ साली रस्त्यावर विचारला गेलेला प्रश्न मात्र कोणत्याही पक्षानं आपल्या कामकाजात घेतला नाही. पक्षाला बंडखोर परत हवा असतो, कारण त्याच्याजवळ मतं असतात. त्यानं बंड का केलं ते पक्षाला नको असतं.

दोष एका पक्षाचा नाही. २०१९ ला अपक्ष म्हणून जिंकलेल्या नवनीत राणांना २०२४ ला भाजपनं उमेदवारी दिली. त्या १९,७३१ मतांनी हरल्या. काँग्रेसचे बळवंत वानखडे निवडून आले. बच्चू कडूंच्या प्रहार पक्षाच्या उमेदवारानं घेतलेली मतं त्या फरकाच्या कितीतरी पट होती. खुद्द बच्चू कडू मंत्री झाले, युतीबरोबर गेले, आणि २०२४ मध्ये अचलपुरात हरले. शेतकरी कर्जमाफीसाठी त्यांनी पुढच्या वर्षी मोझरीला उपोषण केलं, ते रस्त्यावरून. आत जाऊन जो बदल झाला नाही त्यासाठी पुन्हा बाहेर येऊन बसावं लागलं.

आता अकोला. अकोलेकर मित्रहो, तुमच्या जिल्ह्याचं मोल मी वेगळं मानतो. ॲड. प्रकाश आंबेडकर अकोल्यात आले ते खरोखर बाहेरून. त्यांनी जो 'अकोला पॅटर्न' उभा केला त्यात विचारलेला प्रश्न उमेदवारीच्याच मुळाशी जाणारा होता. ज्या माळी, धनगर, बंजारा आणि लहान लहान अलुतेदार-बलुतेदार समाजांची मतं सगळ्यांना लागतात, त्यांना तिकीट कधी? बाळापुरातून बळीराम सिरस्कार, अकोला पूर्वमधून हरिदास भदे विधानसभेत गेले. जिल्हा परिषद वर्षानुवर्षं आंबेडकरांच्या पक्षाकडे राहिली. १९९८ साली तर काँग्रेसशी समझोता झाला आणि अकोल्यातून आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, असे वऱ्हाडाच्या दोन्ही शहरांतून रिपब्लिकन खासदार एकाच वेळी दिल्लीला गेले. मोठ्या पक्षाचं नेतृत्व थोडं सरकलं की काय होऊ शकतं, याचा तो पुरावा आहे. ते सरकणं टिकलं नाही. २०२४ ला अकोल्यात तिरंगी लढत झाली. भाजपचे अनुप धोत्रे ४०,६२६ मतांनी जिंकले, काँग्रेसचे डॉ. अभय पाटील दुसरे, आणि आंबेडकरांना पावणेतीन लाखांच्या वर मतं पडली. जागावाटपाच्या चर्चेत कोण ताठर होतं यावर आपण रात्रभर भांडू शकतो. मला वाटतं, मोठ्या पक्षाची जबाबदारी मोठी असते.

पण मी आंबेडकरांच्या पक्षालाही तोच प्रश्न विचारीन, आणि आदरानं विचारीन. सिरस्कार आणि भदे पुढे पक्ष सोडून का गेले? वंचितांना तिकीट द्यायचं हे धोरण थोर आहे. पण ते तिकीट तालुक्यातल्या वंचित सभासदांच्या मतानं ठरतं, की एका नेत्याच्या शब्दावर? नेता कितीही मोठ्या मनाचा असला, तरी दिलेलं तिकीट आणि निवडलेली उमेदवारी यांत अंतर आहे.

मग बाहेरच राहून काही करता येतं का? येतं. प्रा. बी. टी. देशमुखांचं उदाहरण या सभागृहात सांगायला हवं. नुटा या प्राध्यापक संघटनेचा हा माणूस १९८० पासून ३० वर्षं अमरावती पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेत राहिला. ते मंत्री झाले नाहीत. विकासाच्या अनुशेषाचा हिशेब त्यांनी सोडला नाही. संविधानाच्या ३७१(२) कलमाखाली राज्यपालांची जबाबदारी काय, सिंचनाचा अनुशेष अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा या चार जिल्ह्यांत किती, आणि वऱ्हाडाचा वाटा कुठे गेला. मंत्री बदलले, सरकारं बदलली, आणि प्रत्येकाला या आकड्यांपुढे उभं राहावं लागलं. २०१० मध्ये ते हरले. त्यांच्या जागी पक्षांचे उमेदवार आले, त्यांनीही आपापल्या परीनं काम केलं असेल. पण याच कलमाखाली १९९४ ला स्थापन झालेल्या विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, तेव्हा परिषदेत तसा आवाज उठला का? मला तो ऐकू आला नाही, आणि त्याचं मला दुःख आहे.

माझ्यावर इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सगळेच अपक्ष बी. टी. देशमुख नसतात. पुष्कळ अपक्ष म्हणजे एका घराचा पक्ष. पैसा आणि माणसं असली की चिन्ह कोणतंही चालतं. आणि पक्षाला शिस्त नको का? प्रत्येक नाराज माणूस बंड करू लागला तर राज्य कसं चालेल? खरं आहे. पक्ष हवेत. मी पक्ष मोडा म्हणत नाही. म्हणूनच तर मला नाराजांच्या बंडापेक्षा त्यांच्या मतदानाची जागा पक्षाच्या आत हवी आहे. तालुक्याच्या बैठकीत हरलेला इच्छुक मन मारून काम करू शकतो, कारण त्याला किती मतं पडली हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पाकिटातून आलेलं नाव त्याला ते समाधान देत नाही. ब्रिटनमध्ये २०१५ साली मजूर पक्षाच्या मागच्या बाकांवरचे जेरेमी कॉर्बिन सभासदांच्या मतांनी नेते झाले. पुढे त्यांचा पक्ष निवडणुका हरला, तेव्हा सभासदांचं मत म्हणजे विजयाची हमी नव्हे, हेही मी सांगतो. २०२२ मध्ये काँग्रेसनं अध्यक्षपदाची निवडणूक घेतली. शशी थरूर उभे राहिले, नागपूरच्या दीक्षाभूमीवर येऊन गेले, मल्लिकार्जुन खर्ग्यांकडून मोठ्या फरकानं हरले, पण मतं मोजली गेली. ही चांगली सुरुवात होती. ती जिल्ह्यापर्यंत आली का? अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या कोणत्याही पक्षाच्या कचेरीत तालुकावार सभासदांची यादी भिंतीवर लावलेली तुम्ही पाहिली आहे का?

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आहे, आणि ती सगळ्याच पक्षांच्या कार्यकर्त्यांकडे आहे. पुढच्या निवडणुकीत निरीक्षक विश्रामगृहावर येतील, तेव्हा कात्रणांची फाईल घरी ठेवा. तीन कागद मागा. मतदारसंघातल्या सभासदांची यादी. मुलाखतीत कोणी कोणाचं नाव सुचवलं त्याचं इतिवृत्त. आणि एबी फॉर्म निघण्याआधी तालुक्यात मतदान झालं असेल, तर त्याची बेरीज. देत नसतील तर का देत नाहीत ते लेखी मागा, आणि ते उत्तर वर्तमानपत्राकडे पाठवा. तिकीट तुम्हाला मिळो अथवा न मिळो, हे कागद मागायचा हक्क तुम्हाला आहे. तुम्ही सभासद-वर्गणी भरलेली आहे.